टनामागचा रुपया आणि आपल्या रानाचा प्रश्न



गळीत हंगाम आटोपला की शेतकी ऑफिसात एकच विचारणा सुरू होते : कपात कसली, किती, आणि कुणाला? त्यातल्या एका रुपयाविषयी आज लिहावयाचे आहे. गाळलेल्या उसाच्या दर टनामागे 1 रुपया पुण्याजवळच्या मांजरीला, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला संशोधनासाठी जातो. तो कारखाना भरतो, असे म्हणायची पद्धत आहे. पण कारखाना म्हणजे कोण? चार लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे चार लाख रुपये होतात. 2021-22 च्या हंगामात राज्यात 1,300 लाख टनांवर गाळप झाले. टनाला रुपया धरला तर त्या एका वर्षाचे 13 कोटी होतात. हा पैसा कसा खर्च होतो यावरून 2025 मध्ये मुंबईत बरीच चर्चा झाली. त्या राजकारणात आम्हांला पडायचे नाही. आमचा प्रश्न साधा आहे : या रुपयातून औशाच्या रानाला काय मिळाले?

ऊस संशोधनाला आपल्या राज्यात दोन खिसे आहेत. एक सरकारचा. 1968 ते 1972 या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे झाली, आणि त्यांच्यात मेळ राहावा म्हणून 1984 पासून पुण्याला कृषी शिक्षण व संशोधन परिषद आहे. अनुदान राज्य देते. देशभर समन्वयाने चालणाऱ्या ऊस प्रकल्पासाठी 75 टक्के दिल्ली व 25 टक्के राज्य अशी वाटणी असते. पण राज्याच्या अनुदानाचा मोठा हिस्सा पगार-पेन्शनवरच जातो, आणि शास्त्रज्ञांच्या कितीतरी खुर्च्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. दुसरा खिसा सहकाराचा. 1975 मध्ये कारखान्यांनी एकत्र येऊन डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट काढली. पुढे तिला वसंतदादांचे नाव दिले गेले. शेतकऱ्याने आपल्या मालावर वर्गणी बसवून स्वतःची प्रयोगशाळा उभी करावी, ही गोष्ट लहान नाही. कापूसवाल्याला, सोयाबीनवाल्याला हे जमलेले नाही.

आता खोच कुठे आहे ते बघा. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र 1932 चे. नीरा आणि प्रवरा कालव्यांखालच्या जमिनी चोपण होऊ लागल्या होत्या, म्हणून तिथे मातीची पाहणी झाली, पाण्याचे प्रयोग झाले. प्रश्न तिथला होता, केंद्रही तिथेच झाले, हे रीतसरच होते. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. 17 सप्टेंबर 1948 नंतर मोकळे झालो, 1956 मध्ये मुंबई राज्यात आलो, आणि ऊस तर त्याच्याही बऱ्याच नंतर वाढला. म्हणजे उसाचे शास्त्र पाटाच्या पाण्यावर बाळसे धरून मग आपल्या बोरवर आले. 1984 मध्ये दांडेकर समितीने रस्ते, पाटबंधारे, वीज, आरोग्य यांचा अनुशेष मोजला. त्या हिशेबात संशोधनाला वेगळा रकाना नव्हता.

आपल्या मातीत केंद्र असले म्हणजे काय होते, हे इतर पिकांनी दाखवलेच आहे. नांदेडच्या कापूस केंद्राने 1984 मध्ये एनएचएच 44 दिली. ‘नांदेड 44’ कोरडवाहू रानात कशी चालली हे जुन्या मंडळींना विचारा. परभणीचे एमएयूएस 71 सोयाबीन आपल्याच तालुक्यात किती जणांनी पेरले असेल! बदनापूरची बीडीएन 711 तूर लवकर येते, म्हणून पाऊस लवकर उघडला तरी हाती लागते. या जाती करणाऱ्यांनी इथला पावसाचा खंड डोळ्यांनी पाहिलेला होता.

उसाचे तसे नाही. को 86032, म्हणजे नीरा, कोइम्बतूरच्या संकरातून आली आणि पाडेगावने 1996 मध्ये तिची शिफारस केली. ताण सोसते, खोडवा चांगला देते, साखर देते. म्हणूनच ती टिकली, आणि तिचे श्रेय देण्यात कंजूषी करू नये. फुले 265 चोपण रानात चालते, पण उताऱ्यावरून काही कारखान्यांनी तिची नोंद घ्यायला नाके मुरडली. संशोधक म्हणतो जात चांगली, कारखाना म्हणतो नको, आणि मधल्या मध्ये शेतकरी बेणे घेऊन उभा. अशा वेळी निकाल कशाने लावायचा? इथल्या रानातल्या आकड्याने. तोच आपल्याजवळ नाही. एक सभासद आम्हांला म्हणाले, “साहेब, तुमच्या पुस्तकात पाणी पाळीनं येतंय. आमचं पाणी मार्चात बोर ठरवतंय.” यावर पुस्तकात उत्तर सापडत नाही.

हा केवळ जातीचा वाद असता तर एवढी शाई खर्च केली नसती. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे देशाने पाहिले. जुलै 2017 मध्ये सरकारने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. 2019 मध्ये औरंगाबादच्या विभागीय आयुक्तालयाने मराठवाड्यात ऊसच नको, अशी शिफारस सरकारला केली. आपण रागावलो, सभांत बोललो. पण औशाच्या मध्यम काळ्या रानात, ठिबकवर, सुरू लागणीचा एक टन ऊस किती लिटर पाणी पितो, खोडवा किती पितो, हे कुणी विचारले तर दाखवायला काय आहे? पश्चिम महाराष्ट्रातला आकडा दाखवला तर तो आपल्याच अंगावर येतो. उद्या बंदीचा कागद निघाला तर घोषणेने तो परत जाणार नाही. आणि मोजून पाहिल्यावर काही रानांत ऊस परवडत नाही असेच निघाले, तर तेही आपल्याला आधी कळलेले बरे.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये 1900 पासून ऊस प्रयोग केंद्रांसाठी टनावर वर्गणी घेतात. आज ती टनाला 70 सेंट आहे. निम्मी उत्पादकाची, निम्मी कारखान्याची, आणि सरकार त्यात आपली भर घालते. पण मुख्य गोष्ट निराळीच आहे. तिथे प्रत्येक ऊसपट्ट्याची वाणांची वेगळी समिती असते, तिच्यात ऊस उत्पादक बसतात, आणि कुठली जात कुठल्या पट्ट्यात चालेल हे त्या पट्ट्यातल्या चाचणीवर ठरते. वर्गणी देणारा तिथे प्रश्नही देतो. आपण रुपया देतो आणि प्रश्न मात्र दुसऱ्याचा सोडवून घेतो.

जालना जिल्ह्यात पाथरवाला येथे मांजरीच्या संस्थेची शाखा उभी राहते आहे, ही चांगली गोष्ट. पण अंबडची गोदाकाठची माती वेगळी, आपले तेरणा-मांजरेचे खोरे वेगळे. 2025 मध्ये राज्याने शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी 500 कोटींचे धोरण मंजूर केले. उसात बारामतीकडे त्याची सुरुवात झालीच आहे. यंत्र हुशार असेलही, पण त्याला आपल्या रानाचा ओलावा, आपला पाऊस कुणी शिकवला नाही तर ते बारामतीचेच पाणी औशाला सांगेल.

म्हणून आमचे मत असे की येत्या वार्षिक सभेत ठराव व्हावा : आपल्या रुपयातला काही भाग कार्यक्षेत्रातल्या चाचण्यांसाठी परत मिळावा, आणि चाचण्यांचे निकाल खोऱ्यानुसार, मराठीत छापून मिळावेत. ठरावाला वजन यायचे तर आपल्या बाजूनेही काही हवे. भारी, मध्यम आणि मुरमाड अशा तिन्ही रानांत अर्ध्या-अर्ध्या एकराचे प्लॉट सुरू लागणीला पाहिजेत. 86032, 265 आणि व्हीएसआय 08005 शेजारी-शेजारी लावायच्या, बोरला पाण्याचे मीटर बसवायचे आणि खोडव्यापर्यंत हिशेब ठेवायचा. मीटरचा खर्च आणि प्लॉटची तूट कारखान्याने सोसावी, असे आम्ही संचालक मंडळाला सुचवले आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी ऊस नोंदीच्या वेळी गट ऑफिसात नाव द्यावे. बोर आटून ज्याचा प्लॉट वाळेल त्याचाही आकडा याच पत्रिकेत छापायचा आहे.