बिस्किटी रंगाचा कप्पा

दुकानाच्या दर्शनी भागात राणी रंगाचा को-ऑर्ड सेट टांगलेला होता. सैल, सरळ पॅन्ट आणि त्याच कापडाचा मांडीपर्यंत येणारा शर्ट. सुती, मऊ, हात लावताच घ्यावासा वाटणारा. मी तो काढायला सांगितला. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, ‘बेटी के लिए या बहू के लिए?’ ‘मेरे लिए’ म्हटल्यावर हँगर त्याच्या हातातच राहिला. मग तो मागच्या कपाटाकडे वळला आणि घड्यांची एक चळत माझ्यासमोर मांडली. ‘आंटीजी, ये देखिए, आपके लिए सोबर वाला.’ बिस्किटी, राखाडी, धुवट जांभळा, पुन्हा बिस्किटी.

मुलगा सभ्य होता. बसायला स्टूल दिलं, पाणी विचारलं. म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं. साठीपुढच्या बाईचं कापड त्या मागच्या कपाटात असतं, हे त्याला कुणीतरी शिकवलं आहे आणि त्याने ते मनापासून खरं मानलं आहे. माझा अपमान करावा असं त्याच्या मनातही नव्हतं. आपण एका बाईला तिची जागा दाखवतो आहोत, याची त्याला कल्पनाच नव्हती.

या कपाटाशी माझं भांडण जुनं आहे, हे सदर नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. ब्लाउजच्या मागच्या हुकांवर लिहिलं होतं तेव्हा रावेरपासून खंडव्यापर्यंतच्या मैत्रिणींनी पत्रं पाठवली आणि बहुतेक पत्रांत शेवटी एकच गोष्ट होती: हुकांचं जाऊ द्या, आम्हाला आवडीचा रंग घालता येत नाही. घरात कुणी मनाई केलेली नसते. फक्त लग्नाच्या खरेदीला गेलं की सून म्हणते, ‘आई, तुम्हाला हा क्रीम छान दिसेल.’ जाऊ म्हणते, ‘आता आपलं काय राहिलंय?’ आणि मोरपंखी साडी आपल्या हातून आपणच खाली ठेवतो.

आणि हे सगळं बऱ्हाणपुरात! तॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात आपल्या गावातून गेला. त्याने लिहून ठेवलं आहे की इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पार रशिया आणि पोलंडपर्यंत जातं. त्यात रंगवलेलं, फुलं काढलेलं, सोन्याचांदीच्या तारांचं कापड असतं, आणि बायका त्याच्या ओढण्या करतात. पुढे 1906 साली ताप्ती मिल आली, तिच्यामागून पॉवरलूम आले, आणि आजही या गावातल्या कितीतरी घरांची चूल कापडावर पेटते. अर्ध्या जगाच्या बायकांना नटवणाऱ्या गावाने आपल्या म्हाताऱ्या बायकांसाठी बिस्किटी रंग राखून ठेवावा, हे मला पटत नाही.

माझ्या आजेसासूबाई विधवेच्या आलवणात होत्या. मातकट तांबडं लुगडं, पदर कपाळापर्यंत ओढलेला. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी त्यांना त्याच एका रंगात पाहिलं आणि त्यांचा दुसरा रंग कुणालाच आठवत नव्हता. त्यांच्या ट्रंकेत तळाशी एक हिरवं इरकली लुगडं होतं. त्याची घडी त्या दर पावसाळ्यानंतर उन्हात घालत आणि परत ठेवत. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, ‘कापडाला कसर लागते म्हणून.’ अधिक काही बोलल्या नाहीत.

दुकानातलं ते मागचं कपाट आलवणाच्याच घराण्यातलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आलवण गेलं, पण बाईने एका टप्प्यानंतर डोळ्यांत भरू नये ही अपेक्षा राहिली. पूर्वी ती विधवेपुरती होती, आता ती वयाला चिकटवली आहे. नवरा शेजारी बसलेला असो वा नसो. पुरुषांना हा नियम नाही. आपल्याकडच्या लग्नात पंच्याहत्तरीचे मामा गुलाबी फेटा बांधून पुढच्या रांगेत बसतात, लोक कौतुकाने फोटो काढतात, आणि काढायलाच हवेत, सुंदर दिसतात ते. त्यांच्या शेजारी मामी मात्र धुवट जांभळ्या रंगात बसलेल्या.

हा नियम मोडणाऱ्या बायका आपल्यात झाल्या आहेत. पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाल्या, केशवपन झालं, आणि त्याच वेषात त्यांनी महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली. चाळिशी उलटल्यावर, 1912 च्या सुमारास, त्यांनी केस वाढवायचं ठरवलं. पुढे त्या अमेरिकेला गेल्या. वीस वर्षं समाजासमोर एका रूपात वावरल्यावर, ज्या लोकांच्या देणगीवर संस्था चालते त्याच लोकांसमोर दुसऱ्या रूपात उभं राहायचं, याला किती धैर्य लागलं असेल! 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला आणि महाराष्ट्र सरकारने बाकीच्या पंचायतींनाही त्याच वाटेने जायला सांगितलं. त्याच्या आधी, 8 मार्च 2016 ला, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर गुरुजींनी आजीबाईंची शाळा काढली. साठीच्या, सत्तरीच्या, काही तर त्याहून मोठ्या आज्या पाठीवर दप्तर लावून अक्षरं गिरवायला जातात. त्यांचा गणवेश गुलाबी आहे. गडद गुलाबी नऊवारी. त्यांतल्या अनेकजणी विधवा आहेत, म्हणजे कित्येक वर्षं तो रंग अंगाला लागला नसेल. अक्षरओळख मोठीच गोष्ट आहे, पण मला त्या फोटोंत आधी ते गुलाबी नेसणं दिसतं आणि माझे डोळे भरून येतात.

नऊवारीचं बोलणं निघालंच आहे तर हेही लिहिते. आजच्या मुली लग्नात शिवलेली नऊवारी घालतात, पेशवाई म्हणा, मस्तानी म्हणा. नथ, ठुशी, तोडे, अंबाड्यावर सोन्याचं फूल. आजीच्या पेटीतलं सगळं बाहेर आलं आहे आणि ते त्यांना फार शोभतं. पण ज्या आजीचं ते होतं, तिला त्याच मांडवात जॉर्जेटची फिकट साडी देऊन खुर्चीवर बसवतात. तिच्या नथीचं कौतुक नातीच्या नाकावर. नवरात्रात बघा, मुंबईच्या वर्तमानपत्रांनी रुजवलेले ते नऊ रंग आता आपल्या गल्लीतही पाळतात. पोपटी म्हटलं की ऐंशीच्या काकूही पोपटी नेसतात, गटाचा फोटो निघतो, सगळ्या उजळून गेलेल्या असतात. दसरा उलटला की ते पोपटी कपाटात. देवीने परवानगी दिली होती, ती संपली.

आपल्याच गावात याचं उत्तर मिळतं, त्यासाठी लोधीपुऱ्यात दर्गा-ए-हकीमीच्या बाजूला जायला हवं. देशातून आणि देशाबाहेरून बोहरा मंडळी तिथे येतात. बायका रिदा घालतात, म्हणजे डोकं-खांदे झाकणारा वरचा भाग आणि खाली घेरदार घागरा, आणि रिदाचा रंग काळा सोडून कुठलाही असतो. मी तिथल्या रस्त्याने गेले की पाय आपोआप हळू होतात. लिंबाच्या सालीचा पिवळा, डाळिंबी, आकाशी, आणि कडेला क्रोशाची लेस, ॲप्लिकची फुलं, जरीची किनार. काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या रिदावरची लेस तिच्या नातीच्या लेसइतकीच देखणी असते. एकदा तिथल्या बाकावर एका वयस्क बाईंशी बोलणं झालं. मी त्यांच्या लेसचं कौतुक केलं, तर त्यांनी घेर उचलून आतली शिलाई दाखवली, उलट बाजूसुद्धा तितकीच सफाईदार. ‘अपने हाथ की है,’ म्हणाल्या. दर सणाला नवी लेस, नवा रंग, आणि यंदा कुठली लेस चालते आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. धर्माने घातलेल्या चौकटीत राहून त्या बाईंनी स्वतःची हौस जपली होती आणि वयाची चौकट त्यांनी मानलीच नव्हती. मला त्यांचा हेवा वाटला.

लांबची उदाहरणंही खूप आहेत. न्यूयॉर्कच्या फॅशनवेड्या आयरिस ॲपफेल यांच्या कपड्यादागिन्यांचं प्रदर्शन मेट्रोपॉलिटन म्युझियमने भरवलं ते 2005 साली, त्यांच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, आणि 2024 मध्ये एकशे दोनाव्या वर्षी जाईपर्यंत त्या मोठमोठी कडी हातात घालून हिंडत होत्या. अभिनेत्री झीनत अमान यांनी 2023 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, इन्स्टाग्राम उघडलं आणि पिकलेल्या केसांनिशी ऐटीत उभ्या राहिल्या. पण मला सगळ्यांत जवळच्या वाटतात गायिका उषा उथुप. कांजीवरम साडी, मोठी टिकली आणि पायात कांजीवरमच्याच कापडाने मढवलेले स्पोर्ट्स शूज. आज साडीखाली स्नीकर घालणं ही कॉलेजच्या मुलींची फॅशन आहे. उषाताईंच्या पायांत ते कधीपासून आहेत!

त्या बुटांवरून एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या तरुणपणीची फॅशन शरीराला जाच होती. टाचांचे सँडल, आवळलेल्या बाह्या, चिकट नायलॉन. सध्याची फॅशन आमच्या बाजूची आहे. सैल पॅन्ट, सपाट बूट, ढगळ शर्ट, सुती अजरख, खांद्यावर मोठी कापडी पिशवी. गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी कुणी मुद्दाम बेतावी अशी ही वेशभूषा आहे आणि ती तरुण पोरी घालत फिरताहेत. आपण ती का सोडायची? सगळंच घ्यावं असं मी म्हणत नाही. फाटक्या जीन्समध्ये पायाचा अंगठा अडकून पडायला होतं, आणि पॉलिस्टरचा को-ऑर्ड सेट आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या बराच वर असताना, कुणीच घालू नये, विशीतल्या मुलीनेही नाही. बिस्किटी रंगाबद्दल आणखी एक सांगते: केस पांढरे झाले की चेहऱ्याजवळ गडद रंग हवा. राणी, बाटली हिरवा, मोहरीचा पिवळा. फिकट रंगात आपण आजारी दिसतो आणि मग भेटेल तो तब्येत विचारतो.

धीर कसा येतो, असं एका वाचक मैत्रिणीने पत्रात विचारलं होतं. माझा अनुभव असा: नवा कपडा पहिल्यांदा घरात दिवसभर घालावा. त्यात पोळ्या लाटाव्यात, जमिनीवर बसून उठावं, जिना चढावा, दुपारी लवंडावं. बाहेर गेल्यावर लोकांचं लक्ष जातं ते कपड्यापेक्षा तो सारखा ओढणाऱ्या हाताकडे. कपडा अंगवळणी पडला की हात थांबतो, आणि मग पाहणाऱ्यालाही त्यात काही वेगळं वाटत नाही.

आणि खिसा. हात ठेवायला जागा मिळाली की बाईचं चालणंच बदलतं, खांदे मागे जातात. को-ऑर्डच्या पॅन्टला दुकानातून येताना खिसा असतो, पण तो रुमालापुरता. आमचे इतवाऱ्यातले टेलर मास्टर आधी तयार नव्हते. ‘ताई, लेडीज में जेब से फॉल बिगड़ता है,’ म्हणाले. मी म्हटलं, फॉल बिघडू द्या, मला चष्म्याचं घर, मोबाइल, घराची किल्ली आणि गुडघ्याची गोळी हातात घेऊन देवळात जायचं नाही. त्यांनी बाजूच्या शिवणीत, दुहेरी कापडाचा, मनगटापर्यंत खोल खिसा शिवून दिला. तो पाहून भिशीतल्या मैत्रिणींनी आपापले कुर्ते त्यांच्याकडे नेले. एकीने तर साडीच्या परकराला खिसा लावून घेतला, सत्तरीपुढच्या आहेत त्या. आता मास्टर मोजमाप घेतानाच विचारतात, जेब कितनी गहरी?

शिवायला टाकाल तेव्हा एवढं सांगा: खिशाचं तोंड पंजाच्या रुंदीपेक्षा दोन बोटं जास्त ठेवायचं. बोटांना संधिवात असला की हात आत जातो, पण किल्ली धरलेली मूठ बाहेर काढताना अडते.