बोर्डाला उठवणारा

परवा रात्री अकरा वाजता मुरारच्या घरी बीगलबोन ब्लॅक टेबलावर निपचित पडला होता. क्रेडिट कार्डाएवढा बोर्ड, सोमवारी ग्राहकाला चालवून दाखवायचा. आई डोकावली, "गेला का हा?"

चूक माझीच. या बोर्डाला वीज मिळाली की लिनक्स लगेच सुरू होत नाही. ५१२ एमबी रॅम असते, पण तिची घडी बसेपर्यंत ती वापरता येत नाही. म्हणून चिपमधला कायमचा कोड आधी एमएलओ नावाची छोटी फाइल चिपच्या आतल्या मेमरीत घेतो. तिथे जागा जेमतेम शंभरेक केबी. एमएलओ रॅम तयार करतो, मग पूर्ण यू-बूट येतो आणि तो लिनक्सला उठवतो. वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्याचा हा प्रकल्प. सध्याचं नाव २००२ पासूनचं.

बिल्ड तसं सोपं: बोर्डाची डेफकॉन्फिग, मग मेक. (क्रॉस कंपायलर सांगायला विसरलात तर लॅपटॉपचाच कंपायलर कामाला लागतो, आणि मग एररची रांग.) मी शहाणपणा करून रॅमच्या टायमिंगचे आकडे बदलले आणि तो एमएलओ थेट ईएमएमसीवर लिहिला. पुढे काही सरकेना.

सुटका एस-टू या बारीक बटणात. ते दाबून धरलं की चिप ईएमएमसी सोडून एसडी कार्डाकडे वळते. तासभर मी ते धरून रीसेट करत होतो! ही निवड वीज जोडतानाच वाचली जाते. केबल काढून पुन्हा लावली, आणि कार्डातला जुना यू-बूट सिरियलवर बोलू लागला.

आता नवा एमएलओ आधी कार्डावर चालवतो, मगच ईएमएमसीवर.

"आहे जिवंत," मी आईला सांगितलं.

"मग झोप आता."