ग्रॅव्हल म्हणजे आपला मुरूमच, बॉस!

सध्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये एकच शब्द गाजतोय : ग्रॅव्हल. हँडल रेसिंग सायकलसारखं वळलेलं, टायर मात्र चांगले चाळीस मिलिमीटर रुंद आणि त्यात हवा जरा कमी. डांबर संपलं तरी सायकल थांबत नाही, हा त्यातला फंडा. अमेरिकेत कॅन्ससमध्ये २००६ साली खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली आणि हे वेड हळूहळू जगभर पसरलं. पण लालसर, चाकाखाली कुरकुरणारा कच्चा रस्ता आपल्याला काय नवा आहे? आपण त्याला मुरूम म्हणतो! गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात तर मुरूमगाव नावाचं अख्खं गावच आहे.

आमची चार दिवसांची टूर चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या आनंदवनातून निघाली. जागा एकदम परफेक्ट. १९८५ साली बाबा आमट्यांच्या भारत जोडो यात्रेत तरुण पोरंपोरी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली, ती सायकलवरच. तिसऱ्या दिवशी आम्ही वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत होतो आणि मुक्काम गाठायचा होता धानोऱ्याला. सरळ रस्त्याने हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आत. पण सरळ रस्त्याने जायला इतक्या लांब कोण येतं?

सकाळी झणझणीत तर्री-पोहे हाणले आणि ऊन पडल्यावरच पेडल मारलं. हा नियम आहे, आळस नाही. इथल्या जंगलात वाघ आहेत आणि २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेले रानटी हत्तीही. त्यामुळे अंधाराआधी मुक्काम, एकट्याने पुढे पळायचं नाही आणि वनखात्याला विचारल्याशिवाय जंगलवाटेवर चाक घालायचं नाही.

डांबर सुटलं आणि मजा सुरू झाली. दोन्ही बाजूंना साग, मोह, बांबू. मध्येच जंगल उघडतं, कापलेल्या धानाची शेतं दिसतात आणि बांधाशी रचलेले पुंजणे. मुरमावर स्पीड विसरायचा. हात सैल, नजर दहा फूट पुढे आणि पुढचा ब्रेक जपून. अकरापर्यंत दोन पंक्चर झाली. पण मोबाइलला रेंज नाही म्हणून कुणीच कुरकुरलं नाही.

एका टपरीवर चहाला थांबलो. आमच्या चकाचक सायकली न्याहाळत तिथले एक काका म्हणाले, ‘‘चांगला डांबरी रोड सोडून मुरमानं काहून फिरता जी?’’

सगळे हसले. उत्तर मात्र कुणालाच सुचेना. तेवढ्यात शाळेच्या ड्रेसमधल्या दोन मुली बिनगिअरच्या सायकलींवरून त्याच मुरमावर भुर्रकन निघून गेल्या. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. आमची लाखभराची सायकल रविवारची, त्यांची सोमवार ते शनिवारची!

खरी गोष्ट इथेच आहे. आपल्यासाठी जे ॲडव्हेंचर, ते इथल्या माणसांसाठी अडलेलं काम. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्यात एसटी पहिल्यांदा आली ती १ जानेवारी २०२५ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असेल तर मुरमाचं कुरकुरणं गोड वाटत नाही, राजा.

म्हणजे मग जाऊच नये? तसं अजिबात नाही. जरूर जा, पण डोळे उघडे ठेवून. धानोऱ्याच्या थोडं अलीकडे मेंढा (लेखा) लागतं. वनहक्क कायद्याखाली २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. २०११ पासून इथली ग्रामसभा स्वतः बांबू विकते. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. आपण कंपनीत ‘ओनरशिप घ्या’ हे वाक्य प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकतो. इथे गावाने ती खरोखर घेतलीय! तेव्हा सायकल स्टँडवर लावा, बसा, ऐका. फोटो काढण्याआधी विचारा. चहा-जेवण गावातच घ्या आणि पैसे देताना घासाघीस नको.

एक मात्र करा. पुढच्या वर्षी परत गेलात आणि तो मुरूम डांबरी झालेला दिसला, तर ‘अरेरे, चार्म गेला’ म्हणून नाक मुरडू नका. आपल्याला दुसरा मुरूम सापडेल. त्या मुलींना दुसरी शाळा नाही.