चालत्या गाड्याला खीळ नको

मैत्रिणींनो, प्रोग्रॅमिंग न शिकताही मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्सवर ऑर्डरी टिपण्याचं ॲप बनवता येतं. पण पुढं त्यात बदल करायचा म्हटला की धास्ती वाटते. भर कामाच्या वेळी बंद पडलं तर?

घाबरू नका. ‘सेव्ह’ केलेला बदल ‘पब्लिश’ केल्याशिवाय वापरणाऱ्यांना दिसत नाही. तेव्हा दिवसभर खुशाल सेव्ह करा, नीट तपासा आणि वर्दळ संपली की पब्लिश करा. फसलंच, तर ६ महिन्यांच्या आतली जुनी आवृत्ती परत आणून पुन्हा पब्लिश करता येते.

मात्र एक ध्यानात ठेवा. परत येतं ते ॲप, माहितीचा तक्ता नव्हे! तक्त्यातला बदल पब्लिशची वाट पाहत नाही. रकाना पुसलात, तर त्यातले पत्ते आणि उधारीचे आकडे ॲपबरोबर परत येत नाहीत. म्हणून आधी नवा रकाना जोडा. तो लगेच सक्तीचा करू नका, नाहीतर जुन्या आवृत्तीतून नोंदच होणार नाही. जुनी माहिती त्यात उतरवून घ्या, नवी आवृत्ती सगळ्यांकडे पोचू द्या आणि मगच जुना रकाना काढा.

नवी चूल पेटल्याशिवाय जुनी विझवायची नाही, एवढंच!