गाजर गवत, नगर परिषद आणि आपण

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो. आमच्या मोहल्ल्याला लागून एक सार्वजनिक बाग आहे. उन्हाळ्यात तिथं मुलं क्रिकेट खेळतात, असरच्या नमाजनंतर म्हातारी माणसं बाकांवर येऊन बसतात. पावसाळा सुरू झाला की दीड-दोन महिन्यांत ते बाक दिसेनासे होतात. गाजर गवत, म्हणजे ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवतही म्हणतात ते, कमरेपर्यंत वाढतं.

काही वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा जणांनी सप्टेंबरमधल्या एका रविवारी ते उपटलं. हातमोजे नव्हते. उपटलेल्या गवताचे ढीग कुंपणाशी लावले, फोटो काढले, स्टेटसला ठेवले आणि चहा पिऊन घरी गेलो. दोघांच्या हातांवर आठवडाभर पुरळ होतं. पुढच्या पावसाळ्यात गवत होतं तेवढंच होतं. जिथं ढीग लावले होते, तिथं तर जास्तच.

चूक आमची होती. हे गवत उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. एका झाडाला दहा हजारांहून अधिक बिया लागू शकतात. त्या वाऱ्यानं, पाण्यानं, गाडीच्या चाकाला लागलेल्या चिखलातून पसरतात आणि जमिनीत काही वर्षं टिकतात. सप्टेंबरमध्ये आम्ही गवत काढत नव्हतो, बी पेरत होतो. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळतं. पण जूनच्या पहिल्या पावसात उगवलेलं गवत तोवर आपल्याकडे फुललेलं असतं. काम जुलैतच व्हायला हवं आणि एकदा नाही, हंगामात दोन-तीनदा व्हायला हवं.

असं काम रविवारच्या उत्साहावर चालत नाही. त्यासाठी नगर परिषद लागते.

इथं आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक गाठ असते. कब्रस्तान आपलं, ईदगाह आपली. बाग ‘त्यांची’, म्हणजे सरकारची किंवा दुसऱ्या मोहल्ल्याची. शब-ए-बरातच्या आधी कब्रस्तान झाडून काढायला बोलवावं लागत नाही, मुलं आपोआप येतात. तीच मुलं बागेच्या फाटकाशी थांबतात. संविधानाची बारावी अनुसूची काढून बघा. ७४व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय तिच्यात आहेत. बागा, उद्यानं आणि क्रीडांगणं त्यात आहेत. दफनभूमी आणि स्मशानभूमीही त्यातच आहेत. कायद्याच्या नजरेत दोन्ही जागा एकाच यादीतल्या. आपणच त्यांच्यात भिंत घातली आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही मे महिन्यातच मुख्याधिकाऱ्यांना अर्ज दिला. अर्जावर आमच्या मोहल्ल्याबरोबर शेजारच्या दोन वस्त्यांतल्या लोकांच्याही सह्या होत्या. मागण्या साध्या होत्या. पहिली उपटणी फुलं यायच्या आधी व्हावी. तीन-चार आठवड्यांनी दुसरी फेरी व्हावी. उपटलेलं गवत त्याच दिवशी उचललं जावं. आणि सफाई कामगारांना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे मिळावेत. आमच्या बाजूनं आम्ही प्रत्येक फेरीला पंधरा माणसं देण्याचं लिहून दिलं. नुसती तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला तारीख मिळते. काम वाटून घ्यायला गेलेल्याशी बोलावं लागतं, एवढं आम्हाला त्या महिन्यात समजलं.

हातमोज्यांची मागणी शोभेची नव्हती. या गवतातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळे त्वचेला ॲलर्जी होते, परागकणांमुळे शिंका आणि दम्याचा त्रास होतो. आम्हाला एका रविवारी पुरळ आलं. जी बाई रोज उघड्या हातांनी हे काम करते, तिचं काय होत असेल?

‘एवढं कशाला, तणनाशक मारा’ असंही कुणीतरी सुचवलं. यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य बोलण्याआधी थांबायला हवं. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना इथं शेकडो लोकांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हेत. पण पंप पाठीवर घेणारा माणूस दोन्हीकडे तोच, रोजंदारीवरचा. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये कीड नियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. ज्या जागेवर मुलं खेळतात, तिथं कुणीही उठून फवारणी करावी, हे आपण मान्य करू नये.

विष न मारता करण्यासारखं बरंच आहे. आपण पहिल्या पावसात ज्याची कोवळी भाजी खातो, तो तरोटा दाट उगवला की गाजर गवताला जागा देत नाही. हिवाळ्याच्या तोंडाला त्याच्या शेंगा गोळा करायच्या आणि पावसाआधी बी फेकायचं. दुसरा उपाय मेक्सिकन भुंग्याचा. १९८३ मध्ये हा भुंगा भारतात आणला आणि तपासणीनंतर सोडला गेला. पावसाळ्यात तो गाजर गवताची पानं खातो आणि एरवी जमिनीत दडून राहतो. त्याबद्दल कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात विचारता येतं.

आता एका शब्दाबद्दल. या तणांबद्दल बोलताना ‘परकीय’, ‘घुसखोर’ असे शब्द सर्रास येतात. आमच्या गटातल्या एका मुलानं विचारलं, “भाई, हे आपल्यालाच म्हणतात ना?” सगळे हसले. पण प्रश्न खरा होता, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं. गाजर गवत अमेरिका खंडातलं आहे. १९५० च्या दशकात पुण्यात ते दिसलं. आयात गव्हाबरोबर आलं असं सांगतात. पण मिरची, टोमॅटो, बटाटाही त्याच खंडातून आले. आपल्या जिल्ह्याचं पोट ज्या कपाशीवर आणि सोयाबीनवर चालतं, तेही बाहेरूनच आलेत. आणि गाजर गवत खाणारा तो भुंगा मेक्सिकोचा! तेव्हा बाहेरून येणं हा गुन्हा नाही. गाजर गवताचा दोष हा, की ते आपल्या रसायनांनी शेजारच्या रोपाला उगवू देत नाही. कोण कुठून आलं यापेक्षा, आल्यावर शेजाऱ्याला जगू देतं का, हे महत्त्वाचं. रोपांना हा नियम लावा. माणसांबद्दल कुणी बोलू लागलं, तर त्यालाही हाच प्रश्न विचारा.

आमच्या बागेतलं गवत संपलेलं नाही. जमिनीतलं बी अजून उगवतं. पण तीन पावसाळे झाले, बाक दिसतात. फेरीच्या दिवशी तिन्ही वस्त्यांतली मुलं येतात आणि नंतर तिथंच क्रिकेट खेळतात.

पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड, वणी, तुम्ही जिथं असाल तिथं अशी एक जागा नक्की असेल. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक नगर परिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तुमच्याकडे ती आहे का आणि शेवटची कधी बसली, हे विचारा. संविधानाच्या ५१-क कलमात निसर्गाचं रक्षण हे आपलं कर्तव्य म्हणून लिहिलंय. वाटेतला काटा बाजूला करणं हे पुण्याचं काम, हे तर घरातल्या मोठ्यांनी लहानपणीच शिकवलंय.

अर्ज मे महिन्यात द्या. सह्या दुसऱ्या वस्त्यांच्याही घ्या. आणि हातमोजे विसरू नका.