विश्वासघाताच्या कथा आणि आमचे घाईचे निवाडे

जपानी प्रेमकथांच्या चित्रमालिका, ज्यांना 'मंगा' म्हणतात, आज आपल्या घरांतील तरुण मुलेमुली आवडीने वाचतात. कोणी पुस्तकरूपाने, बहुतेक जण मोबाईलच्या पडद्यावर. वडीलधाऱ्यांपैकी एखाद्याने सहज डोकावून पाहावे, नेमके त्याच पानावर कोणी तरुण आपल्या प्रेयसीला फसवून दुसरीच्या घरी निघालेला असावा, आणि 'असली व्यभिचाराची चित्रे या घरात नकोत' असा निवाडा व्हावा, हे आता नवे राहिलेले नाही. निवाड्यामागची काळजी आम्ही जाणतो. निवाडा मात्र आम्हाला मान्य नाही.

ज्या कथेत पाप आहे ती कथाच पापी, हा न्याय लावायचा तर दावीद राजा आणि बथशेबा यांची कथाही आपल्याला झाकून ठेवावी लागेल. पवित्र शास्त्राने ती झाकलेली नाही. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात उरिया किती सरळ दाखवला आहे पाहा. राजाने त्याला रणांगणावरून बोलावून घेतले, घरी जाण्याचा आग्रह केला. पण सोबती उघड्यावर असताना हा माणूस आपल्या घरी निजायला जात नाही. त्याच्या या सरळपणामुळेच दावीदाचे कृत्य आपल्याला असह्य होते. आम्ही कसोटी घेतो ती येथून. विश्वासघाताची कथा हाती आली की, जो फसवला गेला त्याला कथाकाराने कसे रंगवले आहे, हे आधी पाहावे.

हलक्या कथेत पती आधीच क्रूर असतो, पत्नी आधीच कजाग असते. फसवल्या जाणाऱ्याविषयी वाचकाचे मन अगोदर विटवायचे आणि मग प्रतारणेला मोकळी वाट करून द्यायची, ही ती युक्ती. असल्या कथा मंगात आहेत, हे आम्ही नाकारत नाही. परंतु दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकांत तरी दुसरे काय असते? मंगावर बंदी घालणाऱ्या कित्येक घरांत रात्रीच्या जेवणाला त्याच मालिकांची सोबत लागते!

जपानची जुनी परंपरा या युक्तीच्या पलीकडची आहे. चिकामात्सु मोन्झाएमोन या नाटककाराने 1721 साली बाहुलीनाट्यासाठी लिहिलेल्या आमिजिमाच्या शोकांतिकेत जिहेई हा ओसाका शहरातील कागदाचा व्यापारी, दोन मुलांचा बाप, कोहारू नावाच्या गणिकेत गुंततो. त्याची पत्नी ओसान तिला गुपचूप पत्र लिहून नवऱ्याचा नाद सोडण्याची विनंती करते. कोहारू शब्द देते, शब्द पाळण्यासाठी प्रेम आटल्याचे सोंग करते आणि जिहेईकडून बेइमान ठरते. कोहारू आता जीव देणार, हे ओळखून तिला सोडवण्याकरिता स्वतःचे कपडे गहाण टाकायला निघते ती ओसानच. शेवटी जिहेई आणि कोहारू मरायला जातात, तेव्हाही ओसानला दिलेला शब्द मोडेल म्हणून कोहारू त्याच्या शेजारी मरण्यास कचरते. आत्महत्येचे समर्थन आम्ही करणार नाही. पण फसवल्या गेलेल्या पत्नीला या नाटकाने जो मान दिला आहे, तो आमच्या किती कादंबऱ्यांनी दिला?

मंगाच्या उत्तम लेखिकांनीही हीच दृष्टी ठेवली आहे. रियोको इकेदा यांची 'व्हर्सायचा गुलाब' ही मालिका 1972-73 साली आली. तीत राणी मारी आंत्वानेत आणि फेर्सेन यांच्या प्रेमाला मोठी जागा आहे. तरीही राजा सोळावा लुई संकोची आणि सुस्वभावी माणूसच राहतो, खलपुरुष होत नाही.

आणि मग आइ याझावा यांची 'नाना'. आपल्याकडे नाना म्हटले की धोतर-टोपीतले आजोबा डोळ्यांपुढे येतात; जपानीत नाना म्हणजे सात, आणि येथे त्या नावाच्या वीस वर्षांच्या दोन मुली आहेत. तोक्योला जाणाऱ्या आगगाडीत त्यांची गाठ पडते आणि पुढे त्या 707 क्रमांकाच्या खोलीत एकत्र राहू लागतात. एक गायिका, मानी. दुसरी भाबडी, सतत कोणाचा तरी आधार शोधणारी. गायिका तिला 'हाची' म्हणते. हाची म्हणजे आठ. शिवाय हाचिको हे 1925 साली धनी वारल्यावरही 1935 पर्यंत शिबुया स्थानकावर त्याची वाट पाहत राहिलेल्या कुत्र्याचे नाव.

हाचीचा प्रियकर शोजी दुसरीत गुंततो. ती दुसरी मुलगी, साचिको, कोणी मोहिनी नव्हे. साधी, लाजरी विद्यार्थिनी आहे. हाचीही निर्दोष नाही, तिचे हट्ट आपण पाहिलेले असतात. म्हणून कोणाला शिव्या देऊन मोकळे होण्याची सोय लेखिका ठेवत नाही. पुढे तर ती आणखी कठोर होते. फसवली गेलेली हीच हाची ताकुमीशी संबंध असतानाच नोबूला जवळ करते, गरोदर राहते आणि अखेर नोबूला सोडून ताकुमीची होते. जो घाव तिने सोसला, तोच ती दुसऱ्याला देते. आणि 707 मध्ये मागे राहिलेल्या मैत्रिणीला हे जाणे आपलाच विश्वासघात वाटते.

'प्रेम झाले, त्याला ती बिचारी काय करणार?' असे म्हणणाऱ्या तरुण वाचकांशीही म्हणूनच आमचे भांडण आहे. याझावा असे कोठेही म्हणत नाहीत. नोबूचे दुःख त्यांनी पानोपानी रेखाटले आहे, ते कशासाठी? शब्दाला काही वजनच नसेल, तर तो मोडल्याचे दुःख कसले? विवाहवेदीपुढे एकमेकांना वचन देणाऱ्या आमच्या समाजाला तरी हे सांगावे लागू नये.

बारा वर्षांच्या मुलाच्या हाती 'नाना' द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. ती थोरांची कथा आहे. पण मुलगी अठरा-वीस वर्षांची असेल आणि ती वाचत असेल, तर पुस्तक हिसकावण्याआधी शेजारी बसून तिला एवढेच विचारावे: यात तुला कोणाचे वाईट वाटले? शोजीचे? नोबूचे? उत्तर ऐकून आपल्याला आपली मुलगी थोडी अधिक कळेल, आणि कदाचित नोबू कोण, हे तिलाच विचारावे लागेल.

'नाना' 2000 साली सुरू झाली आणि 2009 साली लेखिकेच्या आजारपणामुळे एकविसाव्या खंडानंतर थांबली. ती आजही अपुरी आहे. गायिका नाना कोणालाही न सांगता निघून गेली आहे. पुढील वर्षांची जी दृश्ये अधूनमधून येतात, त्यांत जुनी मंडळी 707 मध्ये जमतात, आणि हाची तिच्या परतण्याची वाट पाहत असते.