सोस, नाहीतर सोड

बाळाला पहिला दात आला की घरभर आनंद होतो. तांदळाच्या कणीएवढ्या त्या दाताचा फोटो फॅमिली ग्रुपवर जातो आणि बदामांचा पाऊस पडतो. तो दात दिवसातून सात-आठ वेळा ज्या जागी रुततो, त्या जागेबद्दल मात्र ग्रुपवर कुणी अवाक्षर काढत नाही. आईने घरात विषय काढलाच, तर तिला दोनच उत्तरं मिळतात. एक, "सोस, आईपण म्हणजे हेच." दुसरं, "मग सोड की, वरचं दूध सुरू कर."

ही दोन्ही उत्तरं आळशी आहेत. वरवर एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्हींत सोय एकच आहे: आई सोडून कुणालाच हातपाय हलवावे लागत नाहीत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे एखादी सिस्टीम अधूनमधून बंद पडायला लागली, तर "सहन करा" असं कुणी सांगत नाही आणि सिस्टीम उचलून फेकूनही देत नाही. आधी एक साधा प्रश्न विचारतात: हे नक्की कधी होतं? माझी मुलगी चावायला लागली तेव्हा मी तेच केलं. चार दिवस प्रत्येक चाव्याची वेळ फोनमध्ये लिहून ठेवली. जवळजवळ सगळे चावे पाजणं संपत आल्यावरचे होते. पोट भरलेलं, दुधाची धार मंदावलेली, लक्ष पंख्याकडे.

हे काही माझं संशोधन नाही. स्तनपानाची कुठलीही जाणकार समुपदेशक हेच सांगेल. बाळाने नीट तोंडात घेतलेलं असतं तेव्हा स्तनाग्र बरंच आत, टाळूपाशी असतं आणि बाळाची जीभ खालच्या हिरडीवर पसरलेली असते. पहिले दात बहुधा खालचेच येतात, म्हणजे ते जिभेखाली झाकलेले असतात. बाळ मन लावून पीत असताना त्याला चावता येतच नाही. चावायचं तर आधी ओढणं थांबवून जीभ मागे घ्यावी लागते. म्हणजे इशारा मिळतो. तो दिसला की करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मधे सरकवायची आणि पकड सुटली की बाजूला घ्यायचं. कळ आली म्हणून हिसडा द्यायचा नाही, कारण जखम त्यानेच होते. पाजण्याआधी पाच मिनिटं स्वच्छ ओलं फडकं फ्रिजमध्ये गार करून चावायला द्यायचं, म्हणजे हिरड्यांची शिवशिव तिथेच भागते. चीर पडली असेल तर आपल्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्यायचे आणि बाळाला धरायची पद्धत बदलायची. स्तन लाल होऊन गाठ लागत असेल, ताप असेल, तर डॉक्टर गाठायचा.

सगळं मिळून एका परिच्छेदात बसलं. तरी किती बायकांना हे कुणी सांगितलेलं असतं? त्यांना सांगितलं जातं, "गालावर हलकी चापट मार, म्हणजे कळेल." सहा महिन्यांच्या जिवाला त्यातून एवढंच कळतं की आईजवळ गेलं की लागतं. काही बाळं मग अंगावर घ्यायलाच तयार होत नाहीत. त्यावर पुन्हा ऐकून घ्यायचं: बघ, म्हटलं होतं ना सोड.

"दात आले म्हणजे अंगावरचं बंद करायची वेळ झाली," हे तर सुभाषितासारखं सांगितलं जातं. आपलीच भाषा त्याला खोडून काढते. या दातांना आपण म्हणतो काय? दुधाचे दात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, असा आहे. सहा महिन्यांनंतर दुधाचं पाणी होत नाही. 1992 च्या कायद्याने आपल्या देशात बाळाच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात बंद केली. ती जाहिरात आता आपली माणसं हॉलमध्ये बसून फुकट करतात.

एक गोष्ट स्पष्ट करते. कुणाला थांबायचं असेल तर तिने खुशाल थांबावं. तो तिचा निर्णय आहे आणि तिला कारण विचारायचा हक्क मलाही नाही. माझं भांडण आहे ते तिला दुसरा रस्ताच न दाखवता तो निर्णय तिच्या गळ्यात मारण्याशी.

या अज्ञानाची किंमत फक्त आईच्या अंगावर निघते असंही नाही. दातांच्या नावावर आपण काहीही खपवतो. जुलाब झाले, दातांमुळे. सणकून ताप आला, दातांमुळे. दाताने हिरडी सुजते, लाळ गळते, बाळ किरकिरं होतं. जोराचा ताप आणि पातळ जुलाब यांचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. याच वयात बाळ रांगायला लागतं, फरशीवरचं सगळं तोंडात घालतं, वरचं खाणं सुरू होतं. जुलाब तिथून येतात. त्यावर ओआरएस आणि चौदा दिवस झिंक हा उपचार आहे, आणि अंगावरचं दूध चालूच ठेवायचं असतं. आपण नेमकं त्याच आठवड्यात ते तोडायला सांगतो. वर हिरडी बधिर करणारं जेल आणून चोळतो. त्यातल्या बेन्झोकेनमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घटू शकते, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने दोन वर्षांखालच्या मुलांना ते लावू नका असं बजावलेलं आहे.

आता ऑफिसकडे वळू. 2017 च्या दुरुस्तीने पगारी बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली. चांगलंच झालं. पण बाळंतपणाआधी घेतलेले आठवडे त्यातूनच वजा होतात. म्हणजे आई कामावर रुजू होते तेव्हा बाळ पाच-सहा महिन्यांचं असतं. पहिला दात साधारण कधी येतो? सहाव्या महिन्याच्या आसपास. रजा संपते आणि दात येतो, दोन्ही एकाच पंधरवड्यात. माझ्या बाबतीत रुजू झाल्यानंतर दोनच आठवड्यांनी.

बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी, ही तरतूद 1961 च्या मूळ कायद्यातच आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा, ही 2017 ची भर. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे सगळं आहे. माझ्या ऑफिसात यातलं काय होतं? 'वेलनेस रूम' अशी पाटी असलेली एक खोली. आत प्रिंटरच्या कागदांचे खोके, आणि दाराला आतून कडी नाही. चीर पडलेली असताना तिथे ब्रेस्ट पंप लावायचा, एक पाय दाराला टेकवून, आणि दहा मिनिटांत स्टँड-अपला हजर व्हायचं. मॅनेजर भला माणूस. तो म्हणाला, "त्रास होत असेल तर बंद का नाही करत?" सोड, या उत्तराची ही कॉर्पोरेट आवृत्ती.

आणि मी तर सुखवस्तू. माझ्याकडे निदान रजा होती, फ्रिज होता. कोयता घेऊन फडात उभ्या असलेल्या ऊसतोड बाईला, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला हा कायदा कागदावरही नीट पोचत नाही. तिच्या बाळालाही दात सहाव्या महिन्यातच येतो.

अशा वेळी आपल्याकडे हमखास हिरकणीची गोष्ट सांगितली जाते. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरून गेली. तिच्या नावाने बुरूज आहे. एसटी स्टँडवर 'हिरकणी कक्ष' आहेत. लहानपणापासून ही गोष्ट मलाही आवडते. पण प्रत्येक आईने रोज कडा उतरावा, हा तिचा अर्थ आपण कधीपासून काढायला लागलो? किल्ल्याला दार बंद ठेवायला शत्रूचं कारण होतं. आपल्या घरांना आणि ऑफिसांना कसलं कारण आहे?

मागणी फार मोठी नाही. प्रसूतीनंतर दवाखान्यातून सोडताना लसीकरणाच्या कार्डाबरोबर दातांच्या दिवसांबद्दलही पाच मिनिटं बोला, आणि नवऱ्याला समोर बसवून बोला. नवऱ्याने फडकं गार करावं, रात्री बाळ घेऊन फेऱ्या माराव्यात. सासू-सासऱ्यांनी सल्ल्याआधी "फार दुखतंय का गं?" एवढं विचारावं. कंपनीने खोके हलवावेत आणि दाराला कडी लावावी. शंभर-दीडशे रुपयांची येते.